बाबांची शेवटची माशी

सोफा भिंतीला सरकवून आईने बैठकीच्या खोलीत नदीसाठी जागा केली होती. नदी म्हणजे सतरंजी.

"मनगट, वहिनी, मनगट. खांदा नाही," मासे धरायची काठी घेतलेल्या आईच्या मागे उभे राहून दातांचे डॉक्टर म्हणाले.

बाबा आणि हे डॉक्टर दरवर्षी डोंगरांपलीकडच्या एका नदीवर मासे धरायला जायचे. तिथवर रस्ता नाही. छोटं विमान तळ्यावर उतरतं, पुढे दिवसभर चाल. या वर्षी बाबा नव्हते आणि त्यांच्या जागी आईने परस्पर स्वतःचं नाव लावून टाकलं होतं. जन्मात गळ हातात न धरलेल्या बाईने. तिला एकटीला सोडवेना, म्हणून लेकीनेही रजा टाकली होती.

आईचं तिथे काम एकच होतं. बाबांच्या टेबलावरच्या चिमटीएवढ्या शिकंज्यात, माशांना फसवायला त्यांनी बांधलेली शेवटची खोटी माशी तशीच अडकून राहिली होती. गळावर तपकिरी पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली, नखाएवढी. ती एकदा त्या पाण्यावर टाकायची. बस्स.

विमानात सामान मोजकंच चालतं, म्हणून लेक आईची बॅग उपसत होती. तळाशी इस्त्री निघाली.

"ही कशाला?"

"दरवर्षी हे दोघं परत येताना कसे दिसायचे, ते मी बघितलंय."

"आई, तिथे वीज नाही."

"बरं," म्हणून आईने काठी उचलली.

सरावाला दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण लोकरीने हात बेफिकीर होतो, खरी माशी असली की आपण जपून टाकू, असा आईचा हिशेब. तिने कुणाला न सांगता खरी बांधली होती. दोरी झोकात मागे गेली, पुढे येताना अडली.

"वहिनी," डॉक्टर अगदी शांतपणे म्हणाले, "ही लोकर नाही."

माशी त्यांच्या कानाच्या पाळीत बसली होती. लेक धावली.

"ओढू नकोस. टोकाशी उलटा काटा आहे." मग स्वतःशीच, "काटा राहिला कसा?"

दोरी कापून तिघं खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर स्वतःच्याच खुर्चीत आडवे झाले. बाहेर बाकावर गाल धरून बसलेल्या एका पेशंटने त्यांच्या कानातलं पीस पाहिलं आणि तो निमूटपणे घरी गेला.

नर्सने भिंगातून पाहिलं. "टोक पुढे ढकलून बाहेर काढायचं, काट्यासकट कापायचं, की बाकीचा गळ मागे निघतो."

"कापायचं नाही," आई म्हणाली. "कान भरून येईल. माशी आता कोण बांधणार?"

नर्सने सुई पुढे आणली. डॉक्टरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"मुंगी चावल्यासारखं वाटेल, सर."

"ते वाक्य माझं आहे. आणि खोटं आहे."

कान बधिर होईपर्यंत आई खुर्चीपाशी उभी होती. "टोक गेलं तर मासा कसा लागणार? आधीच हिच्या बाबांना एकही कधी मिळाला नाही. दरवर्षी हात हलवत परत. किती चिडवायचे मी."

"वहिनी, माझ्या दुप्पट लागायचे त्याला. सगळे सोडून द्यायचा. म्हणून तर माशी बांधून झाली की पकडीने काटा दाबून टाकायचा, सोडवताना माशाचं तोंड फाटू नये म्हणून. या एकीचं तेवढं राहून गेलं."

आई म्हणाली, "मला का नाही सांगितलं?"

"तुमचं चिडवणं बंद झालं असतं ना. परतीच्या विमानात बसलं की म्हणायचा, चला, आता घरी जाऊन ऐकून घेऊ."

आईने एकदा त्या कानातल्या माशीकडे पाहिलं. मग नर्सला म्हणाली, "कापा."

संध्याकाळी कानाला पट्टी बांधलेले डॉक्टर सोफ्याच्या मागे, नदीपासून लांब, उभे राहिले. आईने दोरीला मुकाट्याने लोकर बांधली. माशी टेबलावर होती, पिसं शाबूत, टोक नसलेली.

"आता हिला एकही मासा लागायचा नाही," लेक म्हणाली.

"नको लागायला." आईने मनगट सैल केलं. "परत आलो की तू मला चिडव."