खाली पडलेलं खा, पिशवी नको

बाबूकाकांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात, चिकूच्या खोक्यावरचं लेबल चिकटवलेलं असायचं. कशाला म्हणून विचारलं की म्हणत, "तिथं पडदा बिघडलाय. डोळ्याला त्रास होतो ने!"

काका आमचे घोलवडचे शेजारी. चिकूची वाडी आणि कलमांची नर्सरी. गुजराती व्यापाऱ्यांशी जन्मभर घासाघीस करून तो 'ने' त्यांच्या जिभेला चिकटलाय. दिवसभर रोपं आणि पाच वाजले की कॉम्प्युटरवर शेतीचा खेळ. हा खेळ खेळणाऱ्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी, आणि काका त्याचे अ‍ॅडमिन. 'प्रौढांचा ग्रुप' एवढंच ऐकून माझ्या बायकोने मला आठवडाभर त्यांच्याकडे फिरकू दिलं नव्हतं. प्रत्यक्षात तिथे प्रौढ माणसं कोंबड्यांना दाणे कधी टाकावेत यावरून भांडतात.

मध्यंतरी ग्रुपवर कुणीतरी खेळाच्या चोरट्या प्रती वाटायला लागलं आणि काका खवळले. नियम करायचे ठरलं. मी शाळेतून निवृत्त झालेला क्लार्क, म्हणून लिहायला मला बसवलं.

"लिही. खाली पडलेलं खा, झाडावरचं तोडू नको. खायचं तेही उभ्या उभ्या. पिशवी नको."

"काका, हा तर वाडीचा कायदा झाला. यात खेळ कुठे आला?"

"अरे, कंपनी थोडा खेळ फुकट खेळायला देते ने, ते खाली पडलेलं. चोरून उतरवला तर झाडावरचा. आणि पिशवी म्हणजे चार जणांत वाटणं. पोराटोरांना कळतं, प्रौढांना नाही कळणार?"

नाही कळलं. 'कसली पिशवी?' अशी विचारणा पार दुबईहून आली. शिक्षाही वाडीचीच ठेवली होती: चोरी सापडली की दहा रोपांना पाणी घालून फोटो पाठवायचा. लोक निमूट पाठवू लागले. पुण्यातल्या एकाने शेजारणीच्या कुंड्यांना पाणी घातलं आणि मार खाता खाता वाचला. तलासरीच्या एका मास्तरांचं निवडुंग अतिपाण्याने मेलं. त्याला श्रद्धांजली म्हणून काकांनी ग्रुपवर दोन मिनिटं कुणाला काही टाइप करू दिलं नाही. मास्तरांना तरी दया दाखवा असं मी काकांना म्हटलं, तर म्हणाले, "नियम म्हणजे नियम ने!"

परवा दुपारी काकांनी पडद्यावरून ओला फडका फिरवला आणि ते लेबल सुटून हातात आलं. खाली बारीक अक्षरं चमकत होती. मी चष्मा लावून वाचली. खेळांची कुलपं फोडून चोरट्या प्रती वाटणाऱ्या टोळीचं नाव होतं ते.

मी पोट धरून हसलो. काका हसले नाहीत.

"हा खेळ सोनलने टाकलेला आहे," म्हणाले. सोनल त्यांची एकुलती एक मुलगी. कॉलेजात असताना तिने हा खेळ फुकटात उतरवला होता. मग ती कॅनडाला गेली, त्याला सहा वर्षं झाली. "मी विकत घेतलाय रे, अस्सल. पण त्यात तिची ही वाडी उघडत नाही."

पडद्यावर सोनलने लावलेली वाडी होती. विहीर, सात कोंबड्या आणि फाटकावर पाटी: 'पप्पांची वाडी. कोंबड्यांना विसरू नका.' सोनल रविवारी फोन करते, पण घाईत असते. कोंबड्यांचा विषय निघत नाही. काका मात्र सहा वर्षं रोज पाच वाजता दाणे टाकतायत. आपण हसलो याची मला लाज वाटली.

"लेबल परत लावू का?" मी विचारलं.

"नको. नियम म्हणजे नियम ने."

त्यांनी ग्रुपवर सगळं लिहून टाकलं, पाटीच्या फोटोसकट. अ‍ॅडमिनपद सोडतो, आज संध्याकाळी ही प्रत पुसून टाकतो. मग नर्सरीत जाऊन त्यांनी दहा रोपांना पाणी घातलं. रोज शेकडो रोपं भिजवणारा माणूस, पण ही दहा वेगळी काढून त्यांना घातलं. फोटो मी काढला.

परत आलो तर ग्रुपवर उत्तरांची रांग लागलेली. सगळ्यात वर तलासरीचे मास्तर होते, निवडुंगवाले.

'काका, काही पुसू नका. पोरगी परदेशी गेली तेव्हाच हे फळ झाडावरून तुमच्यापुढे पडलं. उभ्या उभ्या खा. फक्त पिशवी नको.'

काका ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून गेले होते.

"कोंबड्या उपाशी असतील ने," म्हणाले. खुर्ची मागे सारली आणि उभ्यानेच खेळ उघडला.