गल्लीच्या ताब्यातला हवालदार

"शहराचे पोलीस शहराच्याच ताब्यात असले पाहिजेत. मुंबईत बसून कुणी सदाशिव पेठ राखणार असेल, तर तो लोकशाहीचा घोर अपमान आहे," असे दिगंबररावांनी भर चौकात जाहीर केले. या ऐतिहासिक उद्गारामागे कारणही तसेच होते. त्यांची स्कूटर नुकतीच नो-पार्किंगमधून उचलून नेली होती.

स्कूटर परत मिळाली, पण राग उतरेना. दिगंबरराव ती रोज सकाळी देवांच्याही आधी पुसत. तिला परक्याचा हात लागावा? त्यांनी इतकी निवेदने धाडली, की सरकारने अखेर कंटाळून, प्रायोगिक तत्त्वावर, त्यांच्या गल्लीपुरते पोलीस दल नागरिक समितीच्या स्वाधीन केले. दल म्हणजे हवालदार सुखदेव, मूळचे लोणी काळभोरचे. समिती म्हणजे अध्यक्ष दिगंबरराव आणि सदस्य समोरचे दुकानदार आप्पासाहेब. बाकीची गल्ली 'बघू' म्हणाली होती.

पहिल्याच बैठकीत धडाधड ठराव झाले. दुपारी एक ते चार शिट्टी वाजवू नये. बूट वाजतात, सबब गस्त चपला घालून घालावी. आणि मुख्य म्हणजे, गल्लीतल्या माणसावर समितीच्या एकमताशिवाय कारवाई करू नये; बाहेरच्याला मात्र खुशाल धरावे.

"पण साहेब, हितला कोन अन् भायेरचा कोन, मला कसं कळायचं?" सुखदेवांनी विचारले.

"त्यालाच विचारायचं," दिगंबरराव म्हणाले. "सरळ उत्तर दिलं, तर बाहेरचा."

आता घरचेच पोलीस म्हटल्यावर दिगंबरराव स्कूटर बिनदिक्कत आप्पासाहेबांच्या दुकानासमोर लावू लागले. किल्लीही तिलाच ठेवू लागले.

"अहो, एक पाटीपण लावा," त्यांच्या पत्नी सुनीतीबाई म्हणाल्या. "न्यायची असल्यास चारनंतर न्यावी."

नेणारा त्याआधीच आला. भर दुपारी, गल्ली डाराडूर असताना, एक इसम शांतपणे स्कूटरवर बसला. सुखदेव चपलांचा आवाज न करता जवळ गेले.

"आपन हितलंच का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

सुखदेवांनी कडक सलाम ठोकला.

स्कूटर सुरू झाली आणि तो ओळखीचा आवाज ऐकून दिगंबरराव झोपेतून उठून गॅलरीत धावले. "सुखदेव, धरा त्याला. माझी स्कूटर आहे ती."

"मानूस हितलाच हाय साहेब, खात्री केलीया. एकमत लागंल." मग सुखदेव त्या इसमाकडे वळून म्हणाले, "समितीचा निर्णय हुईस्तवर जरा थांबता का?" तो थांबला. एवढ्या अदबीने त्याला पोलिसांनी कधी विचारलेच नव्हते.

दिगंबररावांनी खाली उतरून आप्पासाहेबांचे दार ठोठावले. बऱ्याच वेळाने खिडकी किलकिली झाली.

"एक ते चारचा ठराव आपणच मांडलात ना?"

"अहो, माझी स्कूटर चोरीला जातेय."

"माझ्या दुकानासमोरची? पाठिंबा आहे माझा."

"कोणाला?"

"त्यांना," आप्पासाहेब स्कूटरवरच्या इसमाकडे बोट दाखवून म्हणाले आणि खिडकी बंद झाली.

दिगंबररावांनी नाइलाजाने सरकारी पोलिसांना फोन लावला. "आपली गल्ली आपल्या ताब्यात आहे. अभिनंदन," असे सांगून पलीकडच्याने तो ठेवला.

"काही म्हणा," दिगंबरराव पुटपुटले, "पोलीस सरकारच्याच ताब्यात हवेत."

"मग द्या की निवेदन," वरून सुनीतीबाई म्हणाल्या.

"एकमत झालं न्हाई," सुखदेवांनी निकाल दिला. "जावा तुमी."

एव्हाना खिडक्याखिडक्यांतून माना बाहेर आल्या होत्या. पुण्यातच हयात घालवलेल्या, कायद्याविषयी ठाम मते असलेल्या त्या साऱ्या वाहनधारकांवरून त्या इसमाने एकवार नजर फिरवली आणि आरसा नीट करत म्हणाला,

"कुणाकडे हेल्मेट असलं तर द्या जरा. पुढच्या चौकात सरकारी पोलीस आहेत."