नऊ वाजता सुटलेली शाळा

वर्ग ताब्यात ठेवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे आधीच सांगून ठेवते! नोकरीला जेमतेम दहा महिने झाले होते, पण तोरा मात्र निवृत्तीला आलेल्या बाईंचा. त्यामुळे परदेशातल्या मिशनच्या शाळेत महिनाभर शिकवायला कोण जाणार, असं चर्चमध्ये विचारलं तेव्हा पहिला हात माझा. हेडबाईंनी रजा दिली, पण अट घालूनच.

"तिथल्या सिस्टरांचा चांगला शेरा आणलात तर कायम करू. नाहीतर पुढच्या वर्षी दुसरी बाई बघावी लागेल."

"शेऱ्याची काळजीच सोडा!" मी म्हणाले.

शाळा म्हणजे एक लांबलचक खोली, एकेचाळीस मुलं आणि मागे स्वयंपाकघर. पहिल्याच सकाळी चर्चमधून माझ्याबरोबर आलेले बाकीचे मिशनच्या दवाखान्याच्या भिंती रंगवायला गेले आणि सिस्टर मिशनच्या तपासनीस साहेबांना आणायला स्टेशनवर निघाल्या.

"अकरापर्यंत येते. मुलांना सांभाळाल ना?"

"निर्धास्त जा, सिस्टर!"

नऊ वाजता मी हात जोडले, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. मुलंही पटापट उठून उभी राहिली. मी आजारी माणसांसाठी मागितलं, प्रवाशांसाठी मागितलं, जाता जाता हळूच स्वतःच्या नोकरीसाठीही मागून घेतलं. मग मोठ्यांदा "आमेन!" एकेचाळीस गळ्यांतून खणखणीत "आमेन!"

डोळे उघडते तर सगळ्यांची दप्तरं पाठीवर! बघता बघता खोली रिकामी. एक चिमुरडी तेवढी मागे राहिली. तिने फळा स्वच्छ पुसला, मला टाटा केला आणि तीही गेली.

स्वयंपाकीणबाई हातात पळी घेऊनच धावत आल्या.

"पोरांना सोडलंत कशाला?"

"मी कुठे सोडलं? मी नुसती प्रार्थना घेतली!"

"अहो, इथे प्रार्थना शाळा सुटताना होते!"

नोकरी गेली खड्ड्यात, एखादं लेकरू गाडीखाली आलं तर? घरी कुलूप असलं तर? हजेरीपट छातीशी धरून मी धावत सुटले, मागून स्वयंपाकीणबाई.

पहिल्या दारातल्या आईने विचारलं, "आज एवढ्या लवकर? कोणी गेलं की काय?"

स्वयंपाकीणबाईंनी माझ्याकडे पळी रोखून सगळी हकिकत सांगितली. आईने हात पुसले, पोराचा दंड धरला आणि म्हणाली, "थांबा! ही बाई वर्गात करते तरी काय, मला बघायचंच आहे."

दुसऱ्या दारी तेच, तिसऱ्या दारी तेच! शाळेत पोचलो तेव्हा माझ्यामागे आया, मावश्या, आज्या आणि अर्ध्या दाढीला साबण लावलेले एक आजोबा, अशी वरात होती.

मुलं मोजली. चाळीस. पुन्हा मोजली. चाळीसच! फळा पुसणारी चिमुरडी नव्हती.

एवढ्यात फाटकातून तपासनीस साहेब आले. मागून सिस्टर, आणि सिस्टरांच्या बोटाला धरून ती! तिचं घर स्टेशनच्या वाटेवर होतं. मी मटकन पायरीवर बसले आणि सगळ्यांदेखत रडले. इतकं हलकं मला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं.

साहेब गर्दीकडे बघतच राहिले. "पालकसभा? इथे तर पाच पालक जमायची मारामार!"

हो म्हणायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण त्या चिमुरडीकडे बघून जीभ वळेना. घडलं ते सगळं सांगून टाकलं. साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. सिस्टर हसल्या नाहीत. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आधी विचारावं, बाई. मग करावं." तेव्हापासून नव्या वर्गात गेले की मी मुलांनाच विचारते, "तुमच्याकडे कसं करतात रे?" काही कमीपणा येत नाही.

सिस्टरांनी शेरा लिहिला, "चूक लपवत नाहीत. पालकांना गोळा करण्यात हातखंडा."

हेडबाईंनी तो दोनदा वाचला आणि तिथल्या तिथे मला कायम केलं. जिवात जीव आला!

"आणि हो," त्या म्हणाल्या, "आपल्याही पालकसभेला कुत्रं फिरकत नाही. शनिवारपासून घरोघर जायला लागा."

आमच्या शाळेत मुलं सहाशे आहेत हो!