निरोपाची रेषा

गावं दोनशे बारा. प्रत्येक गावात सहा घरं, म्हणजे घरं बाराशे बहात्तर. प्रत्येक घरी एक निरोप, म्हणजे निरोपही बाराशे बहात्तर. मोजणारी माणसं दोन, स्टॉपवॉच दोन, लागलेले महिने आठ. आणि या सगळ्या खटाटोपातून निघालेली रेषा एक.

ती रेषा नकाशा कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, मोठ्या टेबलावरच्या कागदावर पेन्सिलीने काढलेली होती आणि नुकत्याच रांगायला लागलेल्या भाचीकडे मावशी जशी बघते, तशी मोजणीताई तिच्याकडे बघत होती. मोजणीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. कामावर रुजू झाली त्या दिवशी जिना चढून धापा टाकत ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "त्रेसष्ट पायऱ्या आहेत. पण एकेचाळिसावी बाकीच्यांपेक्षा दोन सेंटिमीटर उंच आहे." त्या पायरीला वर्षानुवर्षं ठेचकाळणाऱ्या ऑफिसने तिचं बारसं तिथल्या तिथे उरकून टाकलं.

देशाचे सांस्कृतिक विभाग नेमके कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे ठरवायचं काम कार्यालयाकडे आलं होतं. याआधीच्या लोकांनी घरांची छपरं पाहिली होती, पेहराव पाहिले होते, आणि शेवटी आपापसांत भांडून दोन वेगळे नकाशे छापले होते. साहेबांना या वेळी भांडण नको होतं, आकडा हवा होता. तो आकडा मोजणीताईने सुचवला. पाहुणा "बरं, येतो" म्हणाल्यापासून यजमानाचं दार लागेपर्यंत किती वेळ जातो, तो मोजायचा. तिने त्याला नावही दिलं: उंबरठाकाळ.

पश्चिमेच्या सहाशे छत्तीस घरांत ती स्वतः गेली. पूर्वेच्या तेवढ्याच घरांत तिचा सहकारी गेला. तो चहा उभ्याने पितो आणि वाक्यं अर्धी बोलतो, म्हणून त्याला सगळे फटाफट म्हणत. निकाल आला. पश्चिमेची सरासरी एकोणीस मिनिटं वीस सेकंद. पूर्वेची एक मिनिट पन्नास सेकंद.

"मधे उतार नाही, चढ नाही! भिंत आहे, भिंत!" साहेब टेबलाभोवती फेऱ्या मारत म्हणाले. "तीस वर्षांत अशी स्वच्छ सीमा बघितली नाही मी. संध्याकाळी सहाला छपाई सुरू. आणि ताई, तुम्हाला कायम करायचा कागद माझ्या खणात आहे. पहिली प्रत हातात पडली की सही!"

साहेब बाहेर गेले, फटाफट खिडकीपाशी उभ्याने चहा प्यायला लागला आणि नकाशेकाका चष्मा पुसत आत आले. रेषेवर शाई फिरवणं हे त्यांचं काम. त्यांनी पेन उचललं, रेषेवर धरलं आणि तसंच हवेत ठेवलं.

"ही मी आधी काढलीय गं एकदा."

"कशी काढाल काका? ती परवाच सापडलीय."

"या गावाला असा वळसा, मग खाली हा कोपरा... हात विसरत नाही बघ." काकांनी कपाट उघडलं, गुंडाळ्या चाळल्या आणि एक पातळ कागद आणून नकाशावर अंथरला. दोन्ही रेषा एकमेकींवर अशा बसल्या, की खालची दिसेनाशी झाली.

"हे काय आहे?" ताईने विचारलं खरं, पण कागदाच्या कोपऱ्यातलं अक्षर तिचंच होतं. 'कामाची वाटणी. डावीकडे मी, उजवीकडे तो.'

आठ महिन्यांपूर्वी नकाशेकाकांनीच ती वाटणी आखून दिली होती. देशाच्या दोन संस्कृती जिथे मिळत होत्या, बरोब्बर तिथेच तिची गावं संपून फटाफटची सुरू होत होती.

"म्हणजे आपण लोकांचा वेळ मोजलाच नाही," ती पुटपुटली. "आपण आपलाच मोजला. निघताना मी रेंगाळते आणि हा पळतो!" त्याच क्षणी तिच्या डोक्यात काहीतरी लख्खकन पेटलं, आणि खरं सांगायचं तर तिला भयंकर मजा वाटायला लागली. "काका, शाई लावू नका! अजून सिद्ध व्हायचंय! ए फटाफट, जीप काढ!"

"कुठे?"

"रेषेवर!"

रेषेवरचं गाव पाऊण तासावर होतं. तिथली एक गल्ली म्हणजेच वाटणीची हद्द. पश्चिमेच्या बाजूला निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. त्यांच्या दारात ताईने तेवीस मिनिटं काढली होती. समोर, पूर्वेला, शिंपीणकाकूंचं घर. तिथून फटाफट पन्नास सेकंदांत सुटला होता.

"आज अदलाबदल," जीपमधून उतरताना ताई म्हणाली. "मी काकूंकडे, तू मास्तरांकडे. मी तिथेही रेंगाळले आणि तू तिथूनही पळालास, तर दोष आपला. आकडे घरांना चिकटून राहिले, तर रेषा खरी."

"सोपंय," फटाफट म्हणाला आणि गेलासुद्धा.

शिंपीणकाकूंनी मशीन थांबवून तिचं स्वागत केलं. "या, या! तुटक माणसांच्या घरी या!"

"तुटक?"

काकूंनी त्या दिवशीचा पेपर पुढे केला. साहेबांना दम निघाला नव्हता. त्यांची मुलाखत पहिल्या पानावर होती: 'पश्चिमेकडची माणसं निघता निघत नाहीत आणि निघू देत नाहीत. पूर्वेकडची तुटक.'

दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ताईने पर्समधल्या स्टॉपवॉचवर अंगठा ठेवला. "बरं, येते काकू."

काकू उठल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "एवढ्यात? सकाळी सकाळी माझ्या जावेचा फोन, 'तुम्ही म्हणे पाहुण्यांना हाकलून देता?' अहो, सात जन्मांत कुणी असं बोललं नव्हतं मला! आज जेवल्याशिवाय जाऊनच दाखवा."

ताईने जाऊन दाखवायचा चार वेळा प्रयत्न केला. काकूंनी तिच्या खांद्याचं माप घेतलं, कमरेचं घेतलं, अल्बम काढला, अल्बममधल्या दिराच्या दुकानाची हकिगत सांगितली आणि वर डबा भरून दिला. ती गल्लीत आली तेव्हा घड्याळात बेचाळीस मिनिटं झाली होती आणि फटाफट जीपच्या बॉनेटवर बसून पाय हलवत होता.

"तुझं किती?"

"वजा चार सेकंद."

"वजा कसं असेल?"

"मी 'येतो' म्हणायच्या आधीच मास्तर 'या' म्हणाले आणि दार लावलं. आतून ओरडले, 'छापा आता, आम्ही निघू देत नाही म्हणून!'"

ताईने डोक्याला हात लावला. ती रेंगाळली, तो पळाला. म्हणजे दोष मोजणाऱ्यांचा. पण ती अडकली ती काकूंनी अडवलं म्हणून, आणि तो सुटला तो मास्तरांनी ढकललं म्हणून. म्हणजे दोष पेपरचा. "अरे, यातून काहीच सिद्ध होत नाही!" ती इतक्या आनंदाने म्हणाली, की फटाफटला तिची काळजी वाटली.

सव्वाचार वाजले होते. तिने साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. वाटणीचा कागद, पेपर, बेचाळीस मिनिटं, वजा चार सेकंद. पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला आणि आता तो कागद फाटतोय, असंच तिला वाटलं.

"साहेब? लाइनवर आहात ना?"

"आहे. मला एक सांगा ताई, भिंत आहे की नाही?"

"माहीत नाही साहेब. आपण पाहुणे होऊन मोजलं, तिथे चुकलं. त्यांच्याच पाहुण्याला ते कसा निरोप देतात, ते लपून मोजायला हवं. पण त्यालाही पुन्हा आठ महिने—"

"आठ महिने कुठून आणू? सहाला छपाई आहे!"

"एकेका घरावरून ठरवणं शास्त्रीय नाही, साहेब."

"बाराशे बहात्तर घरांवरून ठरवलेलं तरी कुठे होतं?" साहेबांनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "ऐका. दोन्ही बाजूंचा एकेक निरोप मोजा. मिनिटाच्या वर फरक आला, तर रेषा छापतो. पुढचं पुढे बघू. मिनिटाच्या आत आला, तर सगळा देश एका रंगात छापतो, आणि तुमच्या कागदाचं मग... बघू. ठेवतो मी."

ठेवतो म्हणून त्यांनी छापखान्याची तक्रार सांगितली. पुन्हा ठेवतो म्हणून मुलाखत घेणाऱ्याला नावं ठेवली. तिसऱ्यांदा ठेवतो म्हणून जीपमध्ये पेट्रोल आहे का, ते विचारलं.

"नऊ मिनिटं दहा सेकंद," तिने फोन खाली ठेवल्यावर फटाफट म्हणाला. "आणि साहेब पूर्वेचे."

दोघं जीपमध्ये शिरली, काचा बोटभर उघड्या ठेवून सीटच्या खाली सरकली. त्याने पश्चिमेचं दार घेतलं, तिने पूर्वेचं. गल्लीत उन्हं तिरपी झाली. डब्यातल्या खाण्याचा वास जीपभर पसरला, पण खाताना आवाज होईल म्हणून कुणी झाकण उघडलं नाही.

चार चाळीसला पोस्टमास्तरांच्या दारात त्यांचा मेहुणा पिशवी घेऊन आला. "बरं दाजी, येतो."

टिक. फटाफटचं घड्याळ सुरू झालं.

काही सेकंदांतच समोरच्या दारात शिंपीणकाकूंची धाकटी बहीण आली. "ताई, निघते गं."

टिक.

"पोचलास की फोन कर," मास्तर म्हणाले.

"करतो. त्या नळाचं बघा तेवढं."

"नळाचं म्हणजे काय झालंय माहितेय का..." आणि मास्तर पायरीवर बसले. मेहुण्याने पिशवी खाली ठेवली.

समोर बहिणीने चपला घातल्या. "आईला सांग, रविवारी येते म्हणून," काकू म्हणाल्या.

"रविवारी नको. रविवारी ती माणसं येणारेत."

"कुठली माणसं?" काकूंनी दार पूर्ण उघडलं. बहिणीने चपला काढल्या.

"गेली तुझी पूर्व," फटाफट कुजबुजला.

"गप्प बस. दार बघ."

वीस मिनिटं झाली. नळावरून गोष्ट मास्तरांच्या गुडघ्यावर आली होती. ताईच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तिला रेषा हवी होती. खरंच हवी होती. काकूंनी आत्ता, या क्षणी, दार आपटावं, असं तिला मनापासून वाटत होतं, आणि माणसं मुलाला नोकरी लागली का विचारायला येणार होती की मुलगी बघायला, हेही तिला तितकंच मनापासून ऐकायचं होतं.

तिसाव्या मिनिटाला मेहुणा उठला. फटाफटने बटणावर अंगठा ठेवला. मेहुणा चार पावलं गेला, थांबला, परत आला. "छत्री राहिली."

पस्तिसाव्याला बहीण गल्लीच्या टोकाला पोचली आणि तिथून ओरडली, "आणि पडद्याचं कापड?"

"अगं, ते दाखवायचंच राहिलं!" काकू पायरी उतरून धावल्या.

शेवटी समोरचं दार लागलं. ताईने बटण दाबलं. थोड्याच वेळात पलीकडे कडी वाजली आणि फटाफटने दाबलं. दोघांनी घड्याळं शेजारी शेजारी धरली. ताईने ती दोनदा वाचली, वहीत वजाबाकी केली, ती तपासली आणि साहेबांना फोन लावला.

"बोला ताई! छपाईवाला समोर उभा आहे!"

"पूर्व, सदतीस मिनिटं बारा सेकंद. पश्चिम, सदतीस मिनिटं चाळीस सेकंद. फरक अठ्ठावीस सेकंद. एकच रंग, साहेब."