बिटकॉइनला दोन किल्ल्या

दिल्लीत आर. के. पुरममधल्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये पासवर्ड टाकायची एक पद्धत होती. आधी विनया फोन हातात घ्यायची आणि तिचे यजमान, संघपाल, भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. तिचा अर्धा पासवर्ड टाकून झाला की ती म्हणायची, "झालं, वळा." मग ती भिंतीकडे तोंड करायची आणि संघपाल उरलेला अर्धा टाकायचे. त्यांची अकरावीतली मुलगी उन्नती सोफ्यावरून विचारायची, "यार, तुम्ही बिटकॉइन सांभाळताय की लपाछपी खेळताय?"

ही पद्धत संघपालांनी ऑफिसातून घरी आणली होती. त्यांच्या रोख शाखेतल्या तिजोरीला दोन किल्ल्या होत्या आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असायच्या. एकट्याने उघडायची सोयच नाही. घरातही तसंच हवं, असं त्यांनी जानेवारीत ठरवलं, आणि त्याला कारण होतं.

गुरुग्रामला नोकरी करणाऱ्या पुतण्याने, बुद्धभूषणने, विनयाच्या शिकवण्यांच्या पैशातून तिच्या नावावर थोडे बिटकॉइन घेऊन दिले होते. गुंतवणूक एकच, पण घरात मतं दोन.

"घ्यायचं आणि विसरून जायचं," संघपाल म्हणायचे. "पिंपळ लावला की रोज उपटून मुळं बघतं का कोणी?"

"पिंपळ उन्हात उभा राहतो," विनया म्हणायची. "मला नाही जमत. भाव चढला की विकायचं आणि एसी घ्यायचा. भाजीवाला टोमॅटो होल्ड करून ठेवतो का?"

जानेवारीत एकदा संघपाल अंघोळीला गेले असताना तिने थोडे बिटकॉइन विकूनही टाकले. संध्याकाळी भाव आणखी चढला. संघपालांनी त्या रात्री वरणात मीठ नाही हेसुद्धा सांगितलं नाही. म्हणजे किती लागलं असेल बघा! दुसऱ्या दिवशी डबल लॉक सुरू झालं.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी कूलरचा पंप बंद पडला. दुपारपर्यंत कूलर नुसता गरम वारा फेकत होता. संघपालांच्या मानेवर घामोळं उठलं होतं आणि मुनीरकाच्या दुकानातला एसीचा सेल त्याच संध्याकाळी संपणार होता. नेमका तेव्हाच बुद्धभूषणचा फोन आला.

"काकू, भाव बघितला का? मस्त वर गेलाय! थोडे विकले तरी एसी येतो."

विनयाने नवऱ्याकडे बघितलं. संघपालांनी मान खाजवली आणि म्हणाले, "एखाद्या वेळी विकणं हा काही सट्टा नव्हे."

घरात पहिल्यांदाच एकमत झालं. फेब्रुवारीनंतर खातं उघडलंच नव्हतं. विनयाने टाकलं, संघपालांनी टाकलं. पासवर्ड चुकीचा.

"तुमचं बोट घसरलं असेल," विनया म्हणाली.

"माझं? रोख शाखेत बावीस वर्षं काढलीत मी. तुझंच बघ."

परत टाकलं. चूक. आता सावकाश, एकेक आकडा. चूक. मग संघपालांनी चष्मा पुसून टाकलं, विनयाने पदराला हात पुसून टाकलं. तरी चूक. तेवढ्यात स्पीकरवरून बुद्धभूषण ओरडला, "काका, किती वेळा झालं? पाच चुका झाल्या की खातं लॉक होतं हो! मग नवा पासवर्ड करावा लागतो आणि त्यानंतर दोन दिवस विकता येत नाही."

"दोन दिवसांनी सेल असेल का?" विनयाने विचारलं.

"सेलचं सोडा, हा भाव तरी असेल का?"

चार चुका झाल्या होत्या. एक संधी उरली होती. उन्नती उठली. "चलो, आता मी बघते. तुम्ही दोघं एकमेकांना सांगणार नाही, पण मला तर सांगाल ना?"

ती आधी आईला घेऊन स्वयंपाकघरात गेली. विनयाचा अर्धा पासवर्ड म्हणजे तिच्या शिकवणीच्या कॉम्प्युटरचाच पासवर्ड होता. रोज टाकायची ती. चुकायचा प्रश्नच नव्हता. मग उन्नती वडिलांना घेऊन बाल्कनीत गेली.

"लग्नाची तारीख," संघपाल हळूच म्हणाले. "अकरा मार्च."

"पप्पा! सो स्वीट!" उन्नती जवळजवळ नाचली. आणि मग मध्येच थांबली.

तिला मार्च आठवला. दर वर्षी अकरा मार्चच्या सकाळी नागपूरहून आजीचा, म्हणजे मीराबाईंचा, फोन यायचा. "सूनबाईला शुभेच्छा दिल्यास का रे?" की संघपाल लगेच द्यायचे. पण यंदा मीराबाई महिला मंडळाबरोबर बोधगयेला गेल्या आणि फोन घरीच विसरल्या. अकरा तारीख अशीच गेली. बारा गेली. तेरा तारखेला संघपाल मोठ्या ऐटीत फुलं आणि पेढे घेऊन आले आणि त्यानंतर आठवडाभर या घरात फक्त कुकर बोलत होता. तेव्हापासून अकरा मार्च संघपालांना तोंडपाठ होती. ऑफिसच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर तिला लाल गोल होता.

"पप्पा, पासवर्ड कधी ठेवला?"

"जानेवारीत."

"आणि तारीख कधी पाठ केली?"

संघपालांनी बाल्कनीचा कठडा धरला. खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं.

"आईला सांगू नकोस," शेवटी ते म्हणाले. "मी गुपचूप तेरा टाकतो. भिंतीकडे तोंड असतंच तिचं."

पण आत विनया फोन घेऊन तयारच बसली होती. "आता भिंत-बिंत पुरे. शेवटचा चान्स आहे, समोरासमोर टाकायचं. हा माझा टाकला बघा. तुमचा काय आहे?"

"लग्नाची तारीख," संघपालांच्या तोंडून निघून गेलं.

विनयाचा चेहराच बदलला. तिने नवऱ्याला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. वर्तमानपत्र घेऊन ती त्यांना वारा घालायला लागली. "अहो, मला वाटलं ऑफिसचा फाईल नंबर-बिंबर असेल. टाका ना."

संघपालांनी फोन घेतला. अकरा टाकली तर एसी गेला, तेरा टाकली तर हे वारा घालणं गेलं. उन्नतीने डोळे मिटून घेतले. एक आकडा टाकला गेला. दोन्ही तारखांचा पहिला आकडा एकच होता, तेवढंच सुख. पुढे अंगठा हलेना.

"विनया," ते म्हणाले, "मी काय म्हणतो, आपण होल्डच करू. भाव अजून चढेल. गुंतवणुकीत संयम महत्त्वाचा."

वर्तमानपत्र थांबलं. विनयाने त्यांच्या मानेवरचं घामोळं बघितलं. मग त्यांच्या डोळ्यांत बघितलं. मग तिने फोन काढून घेतला, उरलेले आकडे स्वतः टाकले आणि खातं उघडलं.

"खुल गया!" उन्नती ओरडली. "मम्मी, काय टाकलं?"

"तेरा."

"तुला कसं कळलं?"

"एवढं घामोळं आलेला माणूस संयमाच्या गोष्टी करायला लागला की काहीतरी लपवत असतो." ती नवऱ्याकडे वळली. "जानेवारीत तुम्हाला अकरा कुठून माहीत असणार? सासूबाईंचा फोन मार्चमध्ये येतो."

विनयाने एसीपुरते विकले. बाकीचे तिने तसेच ठेवले, "तुमच्या पिंपळासाठी" असं म्हणून. दुसऱ्या दिवशी एसी लागला. संघपाल त्याच्या अगदी खाली खुर्ची टाकून बसले होते आणि फार नम्रपणे बोलत होते.

"विनया, डबल लॉक काढलंस ते ठीक. पण नव्या पासवर्डची माहिती घरात दोघांना असावी. नियम आहे तसा."

"लपवायचं काय त्यात?" विनया म्हणाली. "सगळ्यांना माहीत असलेलाच ठेवलाय. माझा वाढदिवस. उघडा बघू."

आणि तिने फोन त्यांच्यासमोर धरला.

संघपालांनी फोनकडे बघितलं. मग हळूच उन्नतीकडे बघितलं. उन्नती उठली आणि पद्धतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.