दूधखोलीतलं वासरू

त्या गुरुवारी सकाळी मी एक निश्चय केला होता : संध्याकाळचं दूध काढून होईपर्यंत फोनला हात लावायचा नाही! माझे निश्चय पक्के असतात. हा सात वाजून दहा मिनिटांपर्यंत टिकला.

"काही आलं?" गोठ्याच्या दुसऱ्या टोकाहून बाबाने विचारलं.

"नाही."

"मग तो येणारच."

"काय येणार?"

"काय नाही, कोण! माणूस. महाविद्यालयाचा माणूस."

कॉलेजचं माझं शेवटचं सत्र चालू होतं. मार्चची आठवडाभराची सुट्टी होती, आणि मी विस्कॉन्सिनच्या आमच्या खोऱ्यात घरी आले होते. या सुट्टीत वासरांच्या हगवणीवरचा प्रबंध पूर्ण करायचा होता. त्यातलं शीर्षक झालं होतं. बाकी वेळ मी वाट बघण्यात घालवत होते. पशुवैद्यकाच्या चार महाविद्यालयांत मी अर्ज केले होते. तिघांनी अतिशय सभ्य भाषेत नाही म्हटलं होतं. चौथं जानेवारीपासून गप्प होतं.

माझ्या बाबाला, म्हणजे व्हर्लिन नेस्टिंगनला, ही शांतता शुभ वाटत होती. "कालवड विकत घेताना माणूस तिची आई बघतो, आईची कास बघतो, ती कुठल्या गोठ्यात उभी राहते ते बघतो. आणि हे लोक नुसता कागद बघून डॉक्टर घेतील? ते न सांगता येणार. दूध तपासनीस येतो तसे."

"बाबा, चारशे मुलांच्या घरी कोण हिंडेल?"

"चांगला असेल तो हिंडेल."

म्हणून त्याने आठ दिवस राबून गोठ्याला चुना मारला होता. बर्फ वितळत होतं, खोरं धुक्याने भरून जायचं, आणि त्या धुक्यात आमचा पांढराशुभ्र गोठा ढगावर ठेवल्यासारखा दिसायचा. आत चाळीस गायी डोळे मिटून रवंथ करत उभ्या. त्यांच्या श्वासांची वाफ, मुरघासाचा आंबूस गोड वास, आणि मधोमध फावड्यावर हनुवटी टेकवून उभा असलेला बाबा. बोलायला लागला की तो थांबायचा नाही.

"पांढरा ट्रक घ्यायचा. मागे औषधांचे कप्पे. दारावर निळी अक्षरं : डॉक्टर ब्रिटा नेस्टिंगन."

"आधी प्रवेश तरी मिळू दे."

"ते होईल. टायर कुठले घ्यायचे, तेवढंच ठरायचंय."

मी हसायचे आणि मग मलाही तो ट्रक दिसायला लागायचा. धुक्यातून येणारे त्याचे दिवेसुद्धा! पण त्या स्वप्नात एक खडा होता. अर्जासोबत निबंध लिहायचा होता : हाच आपला मार्ग, हे तुम्हाला कधी कळलं? माझा निबंध उत्कृष्ट होता. फक्त त्यातली गोष्ट माझी नव्हती.

मी सहा वर्षांची असताना जानेवारीत एक वासरू गारठून लाकडासारखं कडक झालं होतं. दुधाच्या टाकीच्या यंत्राची ऊब असते, म्हणून त्याला दूधखोलीत आणलं. तीन दिवस कुणीतरी त्याला घासत, दर दोन तासांनी चीक पाजत, त्याच्याशी बोलत बसलं, आणि ते जगलं. निबंधात तो 'कुणीतरी' म्हणजे मी होते. खरं तर बाबा होता. मी त्याचा कोट पांघरून कोपऱ्यात पेंढ्यावर झोपले होते. अधूनमधून डोळे उघडले की तो दिसायचा.

हे मी त्याला सांगितलं नव्हतं. आणि आता तो म्हणत होता, महाविद्यालयाचा माणूस येणार!

दहा वाजता धुक्यातून एक गाडी आली. चिखलाने अशी माखलेली, की आपला मूळ रंग कोणता हे तिलाही आठवत नसावं. तिच्यातून एक उंच, बारीक माणूस उतरला. हातात लिहायचं पॅड. त्याने डिकीतून रबरी बूट काढले आणि पायात घालण्याआधी ते ब्रशने घासले!

"बघितलंस?" बाबा कुजबुजला. "शिकलेला माणूस."

इथे एक गोष्ट कबूल करते. आमचा नेहमीचा दूध तपासनीस ग्रोव्हर पंचवीस वर्षं न सांगता यायचा, म्हणजे वळणावर तीनदा हॉर्न वाजवून न सांगता यायचा. तो डिसेंबरात निवृत्त झाला होता. त्याच्या जागी कुणीतरी येणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण दोन महिने एकच स्वप्न बघणाऱ्याला ठाऊक असलेलंही वेळेवर आठवत नाही.

"मी प्रुइट," खिशातून ओळखपत्र काढत तो म्हणाला. "तपासणीसाठी—"

"राहू द्या हो ते!" बाबाने त्याचा हातच धरला. "आम्ही कधीपासून तुमची वाट बघतोय!"

प्रुइटचा हात खिशातच राहिला. "माझी?"

"मग! ही ब्रिटा."

प्रुइटने माझ्याकडे बघितलं, माझ्या शेणाने भरलेल्या हाताकडे बघितलं, आणि धीर करून तो हातात घेतला. मी मनात त्याला दहापैकी दहा गुण दिले.

"मला सगळं बघावं लागेल," तो म्हणाला. "कपाटंसुद्धा."

"कपाटंसुद्धा!" बाबा माझ्या कानाशी म्हणाला. "मी काय म्हणत होतो?"

औषधांचं कपाट उघडलं. आत बारा बाटल्या, लेबलं दोनांवर.

"बाकीच्यांची लेबलं?"

"तिला लागत नाहीत!" बाबा म्हणाला. "नुसत्या वासावरून ओळखते!"

मी विनयाने मान खाली घातली. प्रुइट लिहायला लागला. बाबाने मला कोपराने ढोसलं. "लिहितोय!"

आता माझ्याही अंगात आलं. मी स्टेथोस्कोप काढला आणि मार्गोच्या बरगड्यांना लावला. मार्गो आमची सगळ्यात शांत गाय. "चौथं पोट जागेवरून सरकलं, की इथे टिचकी मारल्यावर रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो," मी सांगितलं आणि टिचकी मारली.

"सरकलंय का?"

"नाही."

"मग?"

"दाखवतेय."

मार्गोनेही आपल्याला काय येतं ते दाखवलं. शेपटी उचलली, आणि प्रुइटच्या पॅडवरचं अर्धं पान एका क्षणात हिरवं झालं!

"पचन बघा! उत्तम!" बाबा म्हणाला.

प्रुइटने ते पान पुसलं, दोनदा डोळे मिटले आणि नवं पान घेतलं. मला मात्र तो केव्हाच एका उंच खांबांच्या दालनात बसलेला दिसत होता. समोर लांब टेबल, आणि तो सगळ्यांना सांगतोय : त्या मुलीचे हात बघा!

मग आम्ही दूधखोलीत गेलो. बाबाने दुधाच्या टाकीच्या झाकणावर कॉफी मांडली आणि लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या लेफ्से मांडल्या, बटाट्याच्या पातळ पोळ्या, आईच्या हातच्या. प्रुइट त्या ताटलीकडे अशा नजरेने बघत होता, जणू टाकीवर कुणी पाय सोडून बसलंय. तेवढ्यात सिंकमधलं मांजर जांभई देत उठलं.

"हे इथे असतं?"

"इथेच! ब्रिटाचं पहिलं ऑपरेशन! याच सिंकमध्ये कानाला टाका घातला तिने. किती वर्षांची होतीस गं?"

"अकरा."

प्रुइट लिहीत होता. पानाच्या मागेसुद्धा. "या खोलीत," त्याने बारीक आवाजात विचारलं, "दुधाशिवाय आणखी काय काय होतं?"

बाबाने कॉफीचा कप खाली ठेवला. मला कळलं आता काय येणार. हा आता ती गोष्ट सांगणार. जशी घडली तशी. आणि महाविद्यालयाच्या माणसाच्या पॅडमध्ये ती उतरणार, माझ्या निबंधाच्या शेजारी!

"एक जानेवारी सांगतो तुम्हाला," बाबा म्हणाला. "एक वासरू गारठलं होतं. ही सहा वर्षांची. हिने त्याला इथे आणलं. तीन दिवस हलली नाही. त्याच्या श्वासाशी आपला श्वास जुळवून बसली होती."

मी त्याच्याकडे बघितलं. बाबा असं बोलत नाही. आयुष्यात त्याने कुणाच्या श्वासाशी श्वास जुळवला नव्हता. ते वाक्य माझं होतं, निबंधातलं, तिसऱ्या परिच्छेदातलं.

"आणि तुम्ही?" प्रुइटने विचारलं.

"मी?" बाबा टाकीवरचा आकडा वाचत असल्यासारखा तिकडेच बघत राहिला. "मी झोपलो होतो हो. घोरत होतो."

"म्हणजे वासरू दूधखोलीत. तीन दिवस."

"तीन!" बाबाने अभिमानाने तीन बोटं वर केली.

प्रुइटने पान उलटलं. तेवढ्यात दार उघडलं आणि माझी आई आर्लिस आत आली. आई शाळेची बस चालवते. मुलांना सोडून ती परतली होती.

"व्हर्लिन, दूध तपासनिसाला टाकीवर ताटली मांडून खायला काय घालतोयस?"

"कोण तपासनीस?"

"कोण म्हणजे? गाडीच्या दारावर राज्याचा शिक्का आहे. मी चिखल पुसून बघितला. तुम्ही दोघांनी काय बघितलं?"

टाकीचं यंत्र आपोआप सुरू झालं, तेवढाच आवाज.

"मला शंका आलीच होती," प्रुइट हळूच म्हणाला. "एकवीस वर्षं ही नोकरी करतोय. वाट बघतोय असं मला अजून कुणी म्हटलं नव्हतं."

त्याने कागद भिंतीवर चिकटवला. तेरा चुका! तीन आठवड्यांत सुधारल्या नाहीत, तर दूध विकायचा परवाना बंद. चौदावी त्याने आमच्यासमोर खोडली. "वासराला सोळा वर्षं झाली. ते सोडून देतो." आणि जाताना दाराबाहेर जाऊन, खोलीचा नियम पाळून, त्याने एक लेफ्से खाल्ली.

बाबा तो कागद मोठ्याने वाचायला लागला. " 'औषधे वासावरून.' आर्लिस, त्याने खरंच लिहिलंय! 'मांजर, सिंकमध्ये, एक.' " पाचव्या चुकीपर्यंत त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नवव्या चुकीला तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला. आई म्हणत होती, "बाप तसा, लेकही तशीच! दोघांना एका दोरीने बांधून ठेवायला पाहिजे." आणि तीही हसत होती.

दुपारी बाबा आणि मी लेबलं लिहीत बसलो. धुकं विरलं होतं. छपरावरचं बर्फ थेंबाथेंबाने गळत होतं, त्याच्या तालावर गायी पेंगत होत्या. एवढी सोपी दुपार मला पुन्हा मिळाली नाही.

"बाबा, तू निबंध वाचलास?"

"कुठला निबंध?" त्याने बाटली हुंगली. "ही आयोडीनच ना?"

"हो."

"बघ, मलाही येतं."

मला तेव्हाच बोलायचं होतं. पण तो शीळ घालत होता. मी म्हटलं, उद्या बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्ध्या गायींचं दूध काढून झाल्यावर, बाबा गेला. हृदय. त्याला नेल्यानंतर उरलेल्या अर्ध्या गायींचं दूध आईने आणि मी काढलं. काढावंच लागतं.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात शेजारणींनी एवढं जेवण आणलं की टेबलं पुरेनात. सगळ्यात मागे प्रुइट उभा होता, घासलेल्या बुटांत. तीन आठवड्यांनी तो पुन्हा तपासणीला आला. वळणावर त्याने तीनदा हॉर्न वाजवला. आम्ही पास झालो.

मी सोमवार ते शुक्रवार कॉलेजात असायचे आणि सुट्टीला गोठ्यात. वासरांच्या हगवणीचा प्रबंध कसाबसा लिहून झाला. निकालाची वाट बघणं मी थांबवलं होतं. म्हणजे दिवसातून फक्त सहा वेळा बघत होते. ट्रक मात्र दिसायचा. कधी रस्त्यावर, कधी वर्गाच्या खिडकीतून. त्याच्या दारावरचं नाव मला वाचता यायचं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही संध्याकाळचं दूध काढत होतो. यंत्रांचा आवाज एवढा, की माणसाला आपलं मनसुद्धा ऐकू येत नाही. गोठ्यातल्या भिंतीवरचा फोन वाजला.

"ब्रिटा नेस्टिंगन?" चौथ्या महाविद्यालयाच्या बाई होत्या. एक जागा रिकामी झाली होती. सोमवारपर्यंत होकार द्यायचा होता. "समितीला तुमचा निबंध अजून आठवतोय! ते वासरू! सहा वर्षांची मुलगी, तीन दिवस जागी! सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं!"

पलीकडे आई मार्गोच्या पोटाला डोकं टेकवून वाकली होती. हो म्हणायचं, एवढंच होतं. एक शब्द.

"ते मी नव्हते," मी म्हटलं.

"काय? फार आवाज येतोय तिकडे!"

"ती गोष्ट खरी आहे! माणूस चुकीचा आहे!"

"ऐकू येत नाहीये! मोठ्याने बोला!"

मी मोठ्याने बोलले. चाळीस गायींनी माना वळवल्या. आईने डोकं वर केलं.

"वासरू माझ्या बाबाने जगवलं!"

"कोण झोपलं होतं म्हणालात?"

मी असं काही म्हटलंच नव्हतं. पण त्या बाईंनी विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं.

"मी!" मी ओरडले. "झोपले होते ती मी! जागा बाबा होता!"