उलटा नीलकंठ

"मोटंची सोंड कुठं गेली?" पार्वतीबाईंनी विचारलं, तेव्हा दिनकरराव त्याच सोंडेचं कातडं दुर्बिणीला लाखेनं चिकटवत बसले होते.

"कामात हाय."

"अवं, मळ्याला पाणी कशानं द्यायचं? का त्याला फोटूच दाखवायचा?"

पिंगळीचे दिनकरराव शेतकरी होते खरे, पण पिकापेक्षा पिकावर येणारी पाखरं त्यांना जास्त प्यारी होती. त्यांचे आजोबा मचाणावर बसून पितळी दुर्बिणीतून हुरडाचोर शोधायचे. नातवानं त्या दुर्बिणीची मागची भिंगं काढली आणि ती काचेवर फोटो उतरवणाऱ्या आपल्या जुन्या कॅमेऱ्याला जोडली. जोडावर उजेड घुसू लागला, म्हणून मोटेच्या सोंडेवर सुरी फिरली. इतका खटाटोप करूनही पाखरं नेमकी उडून जात आणि काच वाया जाई. महायुद्धामुळे हैदराबादेतही नव्या काचा मिळेनात. आता एकच उरली होती, आणि तिच्यावर नीलकंठच उतरवायचा, या ध्यासानं दिनकररावांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

दसऱ्याला नीलकंठाचं दर्शन शुभ, म्हणून सकाळपासून सगळं गाव माना वर करून हिंडत होतं. दुपारी दूरच्या बाभळीवर तो एकदाचा बसला. दिनकररावांनी तीन पायांच्या तिकाटण्यावर यंत्र रोखलं, काळ्या फडक्यात डोकं घातलं आणि मागच्या धुरकट काचेवर पाखरू अगदी लखलखीत आणलं. आता तिथं फोटोची काच सरकवायची, एवढंच बाकी होतं.

तेवढ्यात तालुक्याचे तहसीलदार नरसिंगराव आले. डोक्यावर दस्तार म्हणजे सरकारी पगडी, कमरेला बगलूसाचा पट्टा, मागे सुग्रीव पाटील आणि निम्मं गाव. साहेब वरंगळकडचे. तिकडेही दसऱ्याला हेच पाखरू बघतात, फक्त त्याला पालपिट्टा म्हणतात. साहेबांची बढती अडली होती आणि पालपिट्टा दिसल्याशिवाय ती सुटणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. नजर कमजोर होती, पण चष्मा लावला तर हुकुमाचा दरारा कमी होतो, असं त्यांचं मत होतं.

"साहेब, ह्या नळीतून पाखरू जवळ दिसतंय," पाटलानं परस्पर सांगून टाकलं.

दिनकररावांना बाजूला करून साहेब फडक्यात शिरले आणि लगेच ओरडत बाहेर आले.

"अरे, ये क्या! पालपिट्टा उल्टा लटकरा!"

"कॅमेऱ्यात उलटंच दिसतंय, साहेब," दिनकरराव म्हणाले.

"दसरे के दिन उल्टा दर्शन? हमारी बढती भी उल्टी होना क्या? सीधा करो!"

भिंगाला तहसीलदाराचा हुकूम लागू होत नाही, हे सांगायची कुणाची छाती होईना. शेवटी सुग्रीव पाटलाचं डोकं चाललं. "पाखरू सरळ व्हत न्हाई, तर साहेबच उलटे झाले तर?"

बैल सोडलेली एक गाडी ओढून यंत्रामागे आणली. साहेब तिच्यात उताणे झाले, मान मागच्या कडेवरून खाली सोडली, आणि लोंबत्या डोक्यावर काळं फडकं टाकलं. दस्तार पाटलानं दोन्ही हातांत देवाच्या मूर्तीसारखी धरली. मग त्याच्या ध्यानात आलं, साहेबांचं डोकं खाली आणि आपलं वर! तो कमरेत वाकला. तो वाकला म्हणून पटवारी वाकला, आणि मागोमाग सगळं गाव वाकलं. एवढी गर्दी एकदम हललेली पाहून नीलकंठ बाभळीवरून उडाला, एक गिरकी घेतली आणि थेट साहेबांच्या पायांपलीकडे, गाडीच्या जुवावर येऊन बसला.

"आला बाई!" पार्वतीबाईंनी हात जोडले. वाकलेल्या गावानं वाकूनच दर्शन घेतलं.

दिनकररावांचा जीव कासावीस झाला. इतक्या जवळ, इतका निवांत नीलकंठ जन्मात पुन्हा भेटणार नव्हता. यंत्र नुसतं वळवायचं होतं. पण यंत्राला साहेबांचं डोकं लागलेलं.

"साहेब, जरा डोकं काढता का?"

"चुप! दिखरा!" फडक्यातून आवाज आला.

रिकाम्या फांदीकडे साहेबांनी मन भरेपर्यंत पाहिलं. ते लालबुंद तोंडानं उठून बसले, तसा जुवावरचा नीलकंठ उडून गेला.

"दिखा! सीधा दिखा! अब उसकी तस्वीर निकालो."

"पण साहेब, तो तर..."

पाटलानं दिनकररावांना कोपरखळी मारली. "साहेबाला दिसला म्हंजे हाय तितं. काढा की!"

दिनकररावांनी डोळे मिटले आणि शेवटची काच बाभळीच्या रिकाम्या फांदीवर खर्ची घातली. त्या रात्री ते जेवले नाहीत. पार्वतीबाईंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

दिवाळीनंतर साहेबांची बढती झाली आणि दिनकररावांना कचेरीत बोलावणं आलं. फांदीचा फोटो सोनेरी चौकटीत साहेबांच्या खुर्चीमागे लटकला होता. येणारा प्रत्येक जण "वा, काय हुबेहूब पाखरू!" म्हणून सलाम करत होता. साहेबांनी खास मुंबईहून मागवलेली कोऱ्या काचांची पेटी दिनकररावांच्या पुढ्यात सरकवली.

"अच्छा है. लेकिन दुम जरा कट गई."

दिनकररावांनी फांदीकडे पाहिलं, मग पेटीकडे पाहिलं, आणि पेटी काखेत घट्ट धरली.

"व्हय, साहेब," ते म्हणाले. "ऐन वक्ताला जरा हलला तो."